पॅनच्या शेवटच्या अक्षरात अडकलेले बावन्न हजार

गेली अकरा वर्षे मी नवी मुंबईत गिलाव्याची कामे पेटी कंत्राटावर घेतो. इमारत बिल्डरची असते, बांधकामाचा ठेका मुख्य कंत्राटदाराकडे असतो आणि आतल्या-बाहेरच्या प्लॅस्टरचे काम तो चौरस फुटाच्या दराने माझ्याकडे सोपवतो. सिमेंट आणि वाळू त्याची, माणसे माझी. कामाच्या मानाने माझ्याकडे आठ ते चौदा माणसे असतात, त्यांत चार पक्के गवंडी आणि बाकीचे बिगारी. मी कुणाचा पगारदार नाही आणि माझी कंपनीही नाही. बिल माझ्या नावाने निघते, पैसे माझ्या खात्यात येतात आणि त्यातूनच शनिवारी माणसांचा हिशेब होतो. या बिलांतून दर वेळी टीडीएस, म्हणजे पैसे देणाऱ्यानेच आधी कापून सरकारकडे भरायचा आयकर, कापला जातो, हे मला पहिल्या वर्षापासून ठाऊक होते. परंतु तो परत मागायचा असतो आणि मागूनही सहजी मिळेलच असे नाही, हे मी २०२३-२४ या आर्थिक वर्षात शिकलो.

कपातीची रीत आधी सांगितली पाहिजे, कारण पुढचा सगळा गोंधळ तिच्यातूनच उभा राहिला. आयकर कायदा, १९६१ च्या कलम १९४सी नुसार ठेकेदाराला किंवा पोटठेकेदाराला पैसे देताना, एका वेळची रक्कम ३०,००० रुपयांहून जास्त असेल किंवा वर्षभराची बेरीज १,००,००० रुपयांच्या पुढे जात असेल, तर देणाऱ्याने कर कापून सरकारकडे भरायचा असतो. घेणारा एकटा माणूस किंवा हिंदू अविभक्त कुटुंब असेल तर एक टक्का, भागीदारी किंवा कंपनी असेल तर दोन टक्के. आणि घेणाऱ्याने पॅन दिला नाही, किंवा दिलेला पॅन चुकीचा निघाला, तर वीस टक्के.

एक टक्का ऐकायला किरकोळ वाटतो, पण तो नफ्यावर कापत नाहीत, बिलावर कापतात. माझ्या बिलातले शंभरातले बहात्तर-त्र्याहत्तर रुपये मजुरी, मचाणाचे भाडे, टेम्पो आणि माणसांच्या खोल्यांचे भाडे यांतच जातात. मला उरतात सत्तावीस-अठ्ठावीस. एक टक्का गेला तर माझ्या मिळकतीतला साधारण साडेतीन टक्के भाग गेला, हे सोसवते. वीस टक्के गेले तर त्या कामात मी जवळजवळ फुकट राबलो.

त्या वर्षी माझी चार ठिकाणी कामे होती. खारघरच्या एका इमारतीचे ९,२०,००० रुपयांचे काम होते, तळोज्याला ४,८०,००० चे, उलव्याला ३,५०,००० चे, आणि घणसोली गावात एका गृहस्थांच्या घराचे ९०,००० चे. घरमालकाने स्वतःच्या राहत्या घरासाठी काम करून घेतल्यामुळे तिथे कपातीचा प्रश्न नव्हता आणि त्यांनी पैसेही रोख दिले. एकूण जमा १८,४०,००० रुपये झाली. सेवा पुरवणाऱ्यासाठी जीएसटी नोंदणीची मर्यादा वर्षाला २० लाखांची असल्यामुळे मी तिच्या आतच राहिलो. हा आकडा मार्चमध्ये मी जपून पाहतो, कारण तो ओलांडला की बिलांचे सगळे गणितच बदलते.

तळोज्याचे काम जुलै २०२३ मध्ये सुरू झाले. काम मिळण्याची घाई होती, त्यामुळे त्या कंत्राटदाराच्या कार्यालयाने पॅन मागितला तेव्हा मी साइटवर उभ्या उभ्याच, ओल्या हाताने, पाकिटातल्या कार्डाचा मोबाइलवर फोटो काढून पाठवून दिला. कार्ड जुने, प्लॅस्टिक घासलेले, फोटो थोडा हललेला. माझ्या पॅनचे शेवटचे अक्षर ‘जी’ आहे. हिशेबनिसाने ते ‘सी’ वाचले आणि संगणकात तसेच घातले. ‘सी’ने संपणारा असा पॅन अस्तित्वातच नव्हता, त्यामुळे तपासणीत तो अवैध दिसला. त्या वेळी मला एक फोन केला असता तर प्रकरण तिथेच मिटले असते. त्यांनी फोन केला नाही. पॅन अवैध, म्हणून वीस टक्के, इतका सरळ हिशेब करून ते मोकळे झाले.

मला हे चार महिने कळले नाही, याची लाज वाटते, पण धावत्या बिलांचा धंदा ज्यांनी केला आहे त्यांना त्याचे नवल वाटणार नाही. आमचे पैसे बिलाप्रमाणे येत नाहीत. आठवड्याला मजुरीपुरती उचल मिळते, महिन्या-दीड महिन्याने मोजमाप होऊन बिल बनते, आणि त्या बिलातून आधीची उचल, पाच टक्के अनामत, जास्त वापरलेल्या सिमेंटची वजावट, कधी लिफ्टचे भाडे, कधी दुसऱ्याने फोडलेल्या भिंतीची दुरुस्ती, अशा पाच-सहा कपाती होऊन उरलेली रक्कम खात्यात पडते. त्या रांगेत टीडीएस या एका शब्दापुढे मोठा आकडा होता. मी तो सिमेंटच्या वजावटीचा समजून साइट इंजिनियरशी भांडत राहिलो आणि तो बिचारा गोण्या मोजत राहिला.

उलगडा झाला तो दिवाळीत. १२ नोव्हेंबरला लक्ष्मीपूजन होते आणि त्याआधी माणसांना बोनस द्यायचा होता. हजेरीची आणि उचलीची वही माझी पत्नी लिहिते. तिने वही आणि बँकेचे पासबुक शेजारी शेजारी ठेवून विचारले की, तळोज्याच्या २,६०,००० च्या बिलांत बावन्न हजार कुठे गेले. बावन्न हजार म्हणजे बरोबर वीस टक्के, हे तिनेच काढले. त्या बिलांत माझ्या हाती राहणारी रक्कम साधारण बहात्तर हजार होती, म्हणजे चार महिन्यांच्या कामाचे मला वीस हजार पडले होते. त्या वर्षीचा बोनस मी भिशीच्या पैशांतून दिला.

दुसऱ्याच आठवड्यात मी बेलापूरला त्या कंत्राटदाराच्या कार्यालयात गेलो. हिशेबनिसाने चूक मान्य केली, संगणकात पॅन दुरुस्त केला आणि त्यापुढच्या २,२०,००० रुपयांच्या बिलांवर एक टक्का म्हणजे २,२०० रुपयेच कापले. आधीच्या बावन्न हजारांबद्दल त्यांचे म्हणणे असे की, ते पैसे सरकारकडे भरले गेले आहेत, ते आता आम्हाला परत देता येत नाहीत, तुम्ही आयकराचे विवरणपत्र भराल तेव्हा ते तुम्हाला व्याजासकट मिळतील. हे उत्तर अर्धे खरे होते. कर भरला गेला होता आणि तो परत देणे त्यांच्या हाती नव्हते. पण तो कुणाच्या नावावर भरला गेला, हे त्यांनी सांगितले नाही आणि मला विचारण्याचे सुचले नाही. मी समाधानाने घरी आलो.

पुढच्या जूनमध्ये, म्हणजे २०२४ मध्ये, मी कोपरखैरण्याच्या एका सीए मॅडमकडे कागद घेऊन गेलो. जून मुद्दाम निवडला होता. जानेवारी ते मार्च या तिमाहीच्या कपातीचे विवरण कर कापणाऱ्याने भरण्याची शेवटची तारीख ३१ मे असते, त्यामुळे जूनच्या मध्यापर्यंत बहुतेक नोंदी आपल्या खात्यावर उमटतात. एप्रिलमध्येच धावत जाणाऱ्याला अर्धवट चित्र दिसते. मॅडमनी कागद बाजूला ठेवले आणि आधी फॉर्म २६एएस उघडला. आपल्या पॅनवर कुणी, कधी, किती रकमेवर, किती कर भरला, याचा तो सरकारी उतारा असतो. आमच्या गावाकडे जमिनीच्या कामात सातबारा पाहिल्याशिवाय कुणी पुढचे बोलत नाही, तसेच हे.

त्या उताऱ्यात खारघरच्या कामाचे ९,२०० रुपये होते. तळोज्याचे होते फक्त २,२००. उलव्याच्या कंत्राटदाराने कापलेल्या ३,५०० रुपयांचा पत्ताच नव्हता. आणि बावन्न हजार नव्हते.

कारण मॅडमनी समजावून सांगितले ते असे. पैसे सरकारजमा करणे ही एक पायरी असते आणि तिमाही विवरणात त्या पैशांपुढे ज्याचे त्याचे पॅन लिहून देणे ही दुसरी. पहिल्या पायरीवर कराचे चलन भरले गेले, पण दुसऱ्या पायरीवर त्या चुकीच्या पॅनपुढे माझे बावन्न हजार लिहिले गेले, आणि तो पॅन कुणाचाच नसल्यामुळे ते कुणाच्याच खात्यावर गेले नाहीत. एरवी विवरणात चुकीचा पॅन लिहून एक टक्काच कापला असता, तर उरलेल्या एकोणीस टक्क्यांची मागणी कंत्राटदाराला गेली असती आणि त्याने घाईघाईने मला शोधून काढले असते. इथे वीस टक्के आधीच कापलेले होते. सरकारच्या दृष्टीने कमी कपात नव्हती, कंत्राटदाराला नोटीस नव्हती, हिशेबनिसाच्या टेबलावर कागद नव्हता. माझ्या पैशांचे नुकसान सोडले तर कुठेही काहीच बिघडलेले दिसत नव्हते.

अशा नोंदीसाठी फॉर्म १६ए, म्हणजे कपातीचा दाखला, हाही निघत नाही, कारण तो विभागाच्या ट्रेसेस या संकेतस्थळावरून वैध पॅनसाठीच काढता येतो. तिमाही विवरणाच्या तारखेपासून पंधरा दिवसांत हा दाखला देणे कपात करणाऱ्यावर बंधनकारक असते. मी अकरा वर्षांत एकदाही तो मागितला नव्हता. डिसेंबर २०२३ मध्ये मागितला असता तर तो निघत नाही हे तेव्हाच कळले असते आणि माझे सहा महिने वाचले असते.

यावर उपाय एकच होता. कंत्राटदाराने त्या तिमाहीचे दुरुस्ती विवरण भरायचे आणि चुकीच्या पॅनच्या जागी माझा खरा पॅन घालायचा. हे काम माझ्या हातात नव्हते, माझ्या सीएच्याही नव्हते आणि आयकर विभागाच्याही नव्हते. ज्याने विवरण भरले त्यालाच ते दुरुस्त करता येते. परताव्यासाठी लोक आयकर कार्यालयाला दोष देतात, मीही देत असे, पण माझा सगळा पाठपुरावा बेलापूरच्या त्या तिसऱ्या मजल्यावर झाला आणि आयकर कार्यालयाची पायरी मला चढावीच लागली नाही.

तोवर तिथला जुना हिशेबनीस नोकरी सोडून गेला होता. नव्या हिशेबनिसाने सांगितले की टीडीएसची विवरणे बाहेरचा सल्लागार भरतो, तो दुरुस्तीचे वेगळे पैसे घेतो, एवढ्या एका नोंदीसाठी शेठ परवानगी देणार नाहीत. मी तीन वेळा गेलो. पहिल्या वेळी शेठ नव्हते, दुसऱ्या वेळी होते पण बैठकीत होते. दोन्ही वेळा मी तळोज्याहून, पेंधर ते बेलापूर मेट्रोने आलो होतो. एरवी साइटवरून वेळेवर निघणे हीच एक अडचण असते, ती तरी २०२३ च्या नोव्हेंबरपासून या गाडीने दूर केली आहे.

तिसऱ्या वेळी मी तोंडी बोलण्याऐवजी पत्र घेऊन गेलो. मॅडमच्या सांगण्यावरून त्याला तिन्ही बिलांच्या प्रती, बँकेच्या उताऱ्यातील त्या त्या जमा रकमा, कंत्राटदाराच्याच हिशेबवहीतील माझ्या खात्याचा उतारा आणि पॅन कार्डाची स्वच्छ, मोठी केलेली प्रत जोडली. पत्रात कुठेही भांडणाची भाषा वापरली नाही. फक्त इतके लिहिले की कलम २०३ नुसार मला कपातीचा दाखला मिळणे आवश्यक आहे, तो न दिल्यास कलम २७२ए नुसार दिवसाला ५०० रुपये दंड होऊ शकतो, आणि दुरुस्तीसाठी सल्लागाराचे जे शुल्क होईल ते मी देण्यास तयार आहे. पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर पोचेचा शिक्का मागितला. शिक्का मारताना नव्या हिशेबनिसाने पत्र प्रथमच पूर्ण वाचले आणि ते घेऊन तो स्वतःच आत गेला. शेठ बाहेर आले आणि म्हणाले, “अहो, हे आधी का नाही सांगितलंत?” यावर काय बोलावे हे मला सुचले नाही, आणि ते बरेच झाले. शुल्क पंधराशे रुपये झाले. ते मी दिले, आणि माझ्या मते ते द्यावेत. तत्त्वाला धरून बसलो असतो तर पंधराशेपायी बावन्न हजार अडले असते.

या खटपटीत जुलै संपत आला होता, आणि विवरणपत्राची मुदत ३१ जुलै होती. दुरुस्ती होईपर्यंत थांबावे की आहे त्यावर भरावे, हा प्रश्न होता. मॅडमनी थांबू दिले नाही. मुदत चुकली तर माझे उत्पन्न पाच लाखांच्या वर असल्यामुळे ५,००० रुपये विलंबशुल्क लागले असते, शिवाय परताव्यावरचे व्याजही १ एप्रिलपासून न मिळता विवरणपत्र भरल्या दिवसापासून मिळाले असते. आणि उताऱ्यात नसलेले बावन्न हजार तसेच मागून टाकावेत, हा माझा उतावळा विचारही त्यांनी बाजूला सारला, कारण संगणक मागणी आणि उतारा जुळवून पाहतो, न जुळणारे बाजूला काढतो आणि मग उत्तरे देत बसावे लागते. त्यांचे म्हणणे होते की आज उताऱ्यात दिसते तेवढेच मागू, दुरुस्ती झाली की ३१ डिसेंबरच्या आत सुधारित विवरणपत्र भरू.

उत्पन्न किती दाखवायचे, यावर आमचे थोडे बोलणे झाले, आणि ते इथे सविस्तर लिहितो, कारण आमच्या धंद्यात या जागी पुष्कळ गैरसमज आहेत. माझ्यासारख्या लहान व्यावसायिकाला कलम ४४एडी खाली खर्चाच्या पावत्या न दाखवता जमेच्या ठरावीक टक्क्यांवर नफा धरता येतो. बँकेतून आलेल्या रकमेवर सहा टक्के, रोखीवर आठ. त्या हिशेबाने १७,५०,००० वर १,०५,००० आणि रोखीच्या ९०,००० वर ७,२०० असा माझा किमान नफा १,१२,२०० रुपये होत होता. तुर्भे नाक्यावरचा एक एजंट मला तेवढाच दाखवायला सांगत होता, आणि परताव्यातला दहावा हिस्सा त्याला हवा होता. परंतु हे टक्के किमान आहेत. प्रत्यक्षात जास्त मिळवले असेल तर जास्तच दाखवायचे असते. मुलाच्या शिक्षणाची फी, घरभाडे आणि मिक्सरच्या कर्जाचा हप्ता हे सगळे ज्या खात्यातून जाते, त्या खात्याच्या मालकाला वर्षाला लाखभर रुपये मिळतात, यावर बँकेचा व्यवस्थापकही विश्वास ठेवणार नाही. पत्नीच्या वहीप्रमाणे नफा ५,१०,००० रुपये होता, तोच आम्ही लिहिला. उलव्याचे ३,५०,००० रुपये उताऱ्यात दिसत नव्हते तरी जमेत धरले, कारण कंत्राटदाराने लिहिले नाही म्हणून माझी कमाई नाहीशी होत नाही.

आणि एवढे खरे लिहूनही कर शून्यच आला. त्या वर्षापासून नवी करप्रणाली आपोआप लागू होती. त्या वर्षी तिच्यात पहिल्या तीन लाखांवर कर नव्हता आणि पुढच्या तीन लाखांवर पाच टक्के होता, म्हणजे माझा कर १०,५०० रुपये होत होता. पण तेव्हा सात लाखांपर्यंतच्या उत्पन्नाला कलम ८७ए ची सूट असल्यामुळे तोही माफ झाला. तेव्हा कापलेला सगळाच कर परत येण्यासारखा होता. एजंटाचे ऐकून खोटे लिहिण्यात मला एक रुपयाचाही फायदा नव्हता, दहावा हिस्सा मात्र गेला असता.

२७ जुलैला आयटीआर-४ हा विवरणपत्राचा नमुना भरला. त्यात मागितलेला परतावा ११,४०० रुपयांचा होता. परताव्याचे खाते आधीच पडताळून घेतलेले होते, त्यामुळे काम झाले असे समजून मी साइटवर गेलो आणि तीन आठवडे विसरलो. विवरणपत्र भरल्यानंतर तीस दिवसांच्या आत त्याची पडताळणी करावी लागते, नाहीतर ते पडताळणीच्या दिवशी उशिरा भरले असे धरतात, आणि पडताळणी केलीच नाही तर भरलेच नाही असे. आधारशी जोडलेल्या मोबाइलवर एक सांकेतिक क्रमांक येतो आणि तो टाकला की पडताळणी होते. माझ्या आधारला जोडलेला क्रमांक पाच वर्षांपूर्वी बंद पडलेला होता. मॅडमचा फोन आला तेव्हा ऑगस्टची सतरा तारीख उजाडली होती. दुसरा मार्ग म्हणजे पोचपावतीवर सही करून ती बेंगळुरूच्या केंद्रीय प्रक्रिया केंद्राला टपालाने पाठवणे, पण मला टपालापेक्षा रांग बरी वाटली. आधार केंद्रावर अर्धा दिवस मोडून, पन्नास रुपये भरून नवा क्रमांक जोडून घेतला, तो चालू झाल्यावर २४ ऑगस्टला पडताळणी झाली. मुदतीला दोन दिवस उरले होते.

११ सप्टेंबरला खात्यात ११,७४० रुपये जमा झाले. वरचे ३४० व्याजाचे. परताव्यावर महिन्याला अर्धा टक्का व्याज मिळते आणि एप्रिल ते सप्टेंबर असे सहा महिने धरले गेले. व्याज ३४२ होत होते, दहाच्या पटीत आणताना दोन रुपये गेले. त्याच आठवड्यात मोबाइलवर एक संदेश आला, ‘आपला परतावा मंजूर झाला आहे, खालील दुव्यावर खाते क्रमांक द्या’. ज्याचा परतावा नुकताच येऊन गेला आहे त्यालाच असा संदेश यावा हा योगायोग असेल, पण क्षणभर मला तो बावन्न हजारांचाच वाटला आणि अंगठा दुव्यावर गेलाही होता. आयकर विभाग खात्याचा तपशील किंवा सांकेतिक क्रमांक अशा संदेशातून मागत नाही, हे पत्नीने बातम्यांत ऐकलेले होते. तिने मोबाइल काढून घेतला.

दुरुस्ती विवरण सप्टेंबरच्या मध्याला भरले गेले. मी रोज उतारा उघडून पाहत होतो. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात बावन्न हजार माझ्या पॅनवर उमटले. त्यांच्यापुढे ‘एफ’ हे अक्षर होते, म्हणजे चलन आणि नोंद जुळली आहे. तिथे ‘यू’ दिसले तर पैसे जुळलेले नाहीत असे समजावे आणि पुढे जाऊ नये. त्यानंतर फॉर्म १६ए ही मिळाला, अकरा वर्षांतला माझा पहिला.

२४ ऑक्टोबरला सुधारित विवरणपत्र भरले. त्यात मूळ विवरणपत्राचा पोच क्रमांक आणि तारीख द्यावी लागते, बाकी सगळे पहिल्यासारखेच. फक्त कपातीच्या तक्त्यात एक ओळ वाढली आणि एकूण परतावा ६३,४०० झाला. या वेळी पडताळणी मी मॅडमच्या खुर्चीशेजारी उभा राहूनच केली. त्यानंतर नोव्हेंबर गेला, डिसेंबर गेला. सुधारित विवरणपत्राला वेळ लागतो असे मॅडम म्हणत होत्या, आणि मी दर सोमवारी त्यांना विचारत होतो. शेवटी त्यांनी मला संकेतस्थळावर स्थिती कशी पाहायची ते शिकवले, ते बहुधा माझ्या फोनपासून सुटका मिळवण्यासाठीच.

जानेवारी २०२५ च्या दुसऱ्या आठवड्यात कलम १४३(१) ची, म्हणजे विवरणपत्र तपासून झाल्याची, सूचना ईमेलवर आली. ती कुलूपबंद असते आणि उघडण्यासाठी आपला पॅन लहान अक्षरांत आणि पुढे जन्मतारीख घालावी लागते. मी पहिल्या वेळी घाईत शेवटचे अक्षर चुकवले. सूचनेत डावीकडे मी लिहिलेले आकडे आणि उजवीकडे त्यांनी मान्य केलेले आकडे होते, आणि ते सारखे होते. आधी दिलेले ११,४०० वजा होऊन ५२,००० रुपये आणि दहा महिन्यांचे २,६०० रुपये व्याज, असे ५४,६०० रुपये त्याच आठवड्यात खात्यात आले. ते २,६०० आणि आधीचे ३४० हे दोन्ही पुढच्या विवरणपत्रांत इतर उत्पन्न म्हणून दाखवावे लागतात. लोक हे विसरतात, पण विभागाकडे त्याची नोंद असते.

भिशीचे पैसे फेडले, तात्या मिस्त्रींची राहिलेली बाकी चुकती केली, आणि पत्नीला विचारले की उरलेल्याचे काय करायचे. तिने आधी पावत्यांसाठी एक पत्र्याचे कपाट घ्यायला लावले. आता दर तिमाहीच्या विवरणाची तारीख उलटली की, म्हणजे ऑगस्ट, नोव्हेंबर, फेब्रुवारी आणि जूनच्या मध्याला, आम्ही दोघे उतारा उघडून वहीशी ताडून पाहतो. पॅन मी कुणाला फोटो काढून पाठवत नाही. बिलाच्या माथ्यावरच छापून घेतला आहे, आणि फोनवर सांगायची वेळ आली तर शेवटी ‘जी, गणपतीचा जी’ असे म्हणतो. ज्यांना ही कलमे पुढे शोधावी लागतील त्यांच्यासाठी एवढे नोंदवतो की हे सगळे क्रमांक १९६१ च्या कायद्यातले आहेत, आणि १ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा, २०२५ लागू होत असल्यामुळे त्यांचे क्रमांक बदलतात.

राहिले उलव्याचे ३,५०० रुपये. त्या कंत्राटदाराने ते माझ्या बिलातून कापले, पण सरकारकडे भरलेच नाहीत. कापलेला कर कंत्राटदाराने भरला नाही तरी तेवढ्यापुरता तो माझ्याकडून पुन्हा वसूल करता येत नाही, असे कलम २०५ सांगते. पण माझा कर मुळातच शून्य असल्यामुळे त्या संरक्षणाचा मला उपयोग नव्हता, मला पैसे हवे होते. साडेतीन हजारांसाठी किती फेऱ्या घालायच्या, याचा हिशेब करून मी ते सोडून दिले होते. मागच्या महिन्यात त्याच्याच माणसाचा फोन आला. बामणडोंगरी स्थानकाजवळच्या नव्या इमारतीचा बाहेरचा गिलावा आहे, दर चांगला आहे, सोमवारपासून माणसे पाठवा, असे तो म्हणाला. मी म्हटले, माणसे तयार आहेत, मात्र आधी २०२३-२४ चा फॉर्म १६ए पाठवा. त्याने ‘बघतो’ म्हटले आहे. माणसे सध्या खारघरला आहेत.